पुसण्याआधी वाचा: जुनी माउंटन बाइक जमवताना आणि तिचा इतिहास शोधताना

जुनी माउंटन बाइक घरी आली की हात आधी फडक्याकडे जातो. तो आवरा. अर्धवट सोललेली चिकटपट्टी, दुकानाचं फिकट स्टिकर, साखळीनं खरवडलेला रंग, नटाभोवती साचलेलं काळं ग्रीस ही त्या सायकलची कागदपत्रं आहेत आणि ती एकदा पुसली की परत मिळत नाहीत. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या गॅरेजांमधून 1980 च्या दशकातल्या सायकली आजही बाहेर पडतात आणि त्यातल्या कितीतरी उत्साही नव्या मालकाच्या हातून आठवडाभरात चकाचक होऊन आपला इतिहास गमावून बसतात. हा लेख त्या पहिल्या आठवड्यात काय करावं आणि काय करू नये याबद्दल आहे, आणि त्यानंतरच्या शोधाबद्दलही.

आधी कुंपण आखा

"मला जुन्या माउंटन बाइक जमवायच्या आहेत" एवढंच ठरवलं तर वर्षभरात घरात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि हाती काही लागत नाही. एखादा छोटा तुकडा निवडा. उदाहरणार्थ, 1981 ते 1985 मधल्या जपानी बनावटीच्या पोलादी सायकली. किंवा 1986 ते 1988 या काळातल्या, मागचा ब्रेक खाली पायडलांमागच्या आडव्या नळ्यांवर बसवलेल्या सायकली. किंवा एकाच गावच्या कारागिरांनी बनवलेल्या फ्रेम. जागा नसेल तर फक्त अंगठ्यानं चालवायचे गिअर शिफ्टर जमवा. ते एका खोक्यात मावतात आणि त्यांचा इतिहास पूर्ण सायकलीइतकाच रंजक आहे. मी स्वतः 1996 ही वरची मर्यादा मानतो. त्या वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि त्याच सुमारास शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीचे व्ही-ब्रेक बाजारात आले. त्यानंतरच्या सायकली वेगळ्या जगातल्या वाटतात.

किमान इतका इतिहास डोक्यात हवा

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. तिथल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर 1970 च्या दशकात काही तरुण 1930-40 च्या काळातल्या श्विन एक्सेल्सिअरसारख्या जाड टायरच्या, जड, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकली घेऊन उतरायचे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे 1300 फूट उतार. पायडल उलटं दाबून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीला 'रिपॅक' म्हणू लागले. चार्ली केली शर्यतीचा संयोजक होता. सर्वांत कमी वेळ गॅरी फिशरची, 4 मिनिटं 22 सेकंद. त्याच्या मागे दोन सेकंदांनी जो ब्रीझ.

जुन्या फ्रेम मोडायला लागल्या तेव्हा जो ब्रीझनं 1977 मध्ये खास या कामासाठी क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम बनवली. त्या पहिल्या मालिकेत दहाच सायकली झाल्या. पहिली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. 1979 मध्ये टॉम रिची फ्रेम बनवू लागला आणि फिशर व केली त्यांच्या सायकली उभ्या करून विकू लागले. एकेकीची किंमत 1300 डॉलरच्या आसपास. मग 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजम्पर 750 डॉलरला आणली, आणि हा प्रकार मूठभर वेड्यांच्या हातून सुटून सगळ्यांचा झाला.

संग्राहकाच्या दृष्टीनं इथे दोन वाटा होतात. आधीच्या सायकली हातानं बनवलेल्या आणि मोजक्या. त्यातली प्रत्येक कुणाच्या ना कुणाच्या नोंदीत आहे. त्या शोधत बसू नका, संग्रहालयात जाऊन पाहा. नंतरच्या कारखान्यातल्या, हजारोंनी निघालेल्या. त्यांचा वैयक्तिक इतिहास कुणीच लिहून ठेवलेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यानं करण्याजोगं काम याच सायकलींमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट. "जगातली पहिली माउंटन बाइक" असा दावा दिसला की थांबा आणि विचारा, कशात पहिली? डिसेंबर 1974 मध्ये मरिनमधल्या एका सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातून धावायच्या) सायकल शर्यतीला कॅलिफोर्नियातल्याच कुपर्टिनोची पोरं जाड टायरच्या सायकलींना डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) गिअर लावून आली होती, मरिनवाल्यांच्या आधी. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूट गावाहून 1976 मध्ये काही जण अशाच जुनाट सायकलींवरून पर्ल पास ओलांडून अ‍ॅस्पेनला गेले. 1953 मध्ये जॉन फिनली स्कॉट नावाच्या माणसानं श्विनच्या फ्रेमवर जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर बसवले होते. हे सगळे दावे आपापल्या जागी खरे आहेत.

नजरेनं काळ ओळखणं

विक्रेता म्हणतो "खूप जुनी आहे". तुम्ही दहा पावलांवरून पाहा. हँडल आणि त्याचा दांडा एकाच त्रिकोणी तुकड्यात जोडलेला, पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बराच तिरका, सायकल लांबलचक: 1980 ची पहिली चार-पाच वर्षं. मागचा ब्रेक पायडलांमागच्या नळ्यांखाली दडलेला: 1986 ते 1988. हा ब्रेक चिखल खायचा, म्हणून लवकरच गेला. अंगठ्याचे शिफ्टर हँडलच्या वर आणि त्यांना टकटक थांबणारे टप्पे: 1987 किंवा नंतर, कारण माउंटन बाइकसाठी टप्प्यांचे गिअर शिमानोनं डिओर एक्सटीच्या एम 730 संचात तेव्हा आणले. शिफ्टर हँडलच्या खाली सरकले की 1990 च्या आसपास आलात. पुढे धक्के शोषणारा, दाबला जाणारा चिमटा मुळातूनच असेल तर 1990 च्या अलीकडे. रॉकशॉक्स कंपनीचा असा पहिला चिमटा, आरएस-1, तेव्हाचा. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

फ्रेमवरच्या 'मेड इन जपान' किंवा 'मेड इन तैवान' या छोट्या स्टिकरलाही अर्थ आहे. 1985 च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि अमेरिकी कंपन्यांनी मधल्या किमतीच्या सायकली हळूहळू तैवानला हलवल्या. एकाच नावाचं मॉडेल दोन वर्षांत देश बदलतं ते त्यामुळे.

विकत घेताना

गंज, फाटकी सीट, वाळलेले टायर यांना घाबरू नका. घाबरायचं ते फ्रेमला. हँडलच्या नळीमागे, खाली जाणाऱ्या नळीच्या खालच्या अंगावरून अंगठा फिरवा. तिथे रंगाखाली बारीक सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आपटली आहे, विषय संपला. मग सीटचा खांब हलतो का पहा. ॲल्युमिनियमचा खांब पोलादी नळीत वर्षानुवर्षं तसाच राहिला तर दोन धातूंच्या रासायनिक क्रियेनं जाम बसतो आणि तो काढणं हे या छंदातलं सगळ्यात कटकटीचं काम आहे. खांब जाम असेल तर किंमत निम्मी करून मागा.

सिरीयल नंबर बहुधा पायडलांच्या नळीखाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. पैसे देण्याआधी तो बाइक इंडेक्ससारख्या चोरीच्या सायकलींच्या नोंदवहीत तपासा. नंबर घासून काढलेला असेल तर निघून या.

आणि विक्रेत्याशी बोला. ही संधी एकदाच मिळते. "कोणत्या साली घेतली?" असं विचारलं की लोक अंदाजपंचे दशक सांगतात. त्याऐवजी विचारा: तेव्हा कुठल्या घरात राहत होता, कुठे नोकरी होती, मूल झालं होतं का, दुकान कोणतं, सायकलबरोबरचा एखादा फोटो आहे का. घराच्या आणि मुलांच्या संदर्भानं आठवलेलं साल खूपदा बरोबर निघतं. बिल किंवा पुस्तिका असेल तर ती सायकलच्या किमतीतच मागून घ्या.

पहिली संध्याकाळ: कॅमेरा, टॉर्च, वही

सायकल उजव्या बाजूनं, मग डावीकडून, समोरून, मागून, उलटी करून टिपा. मग प्रत्येक भाग जवळून. कोरलेली अक्षरं समोरून उजेड टाकला की सपाट दिसतात. टॉर्च जवळजवळ नळीला टेकवून आडवा धरा, अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ती उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी घासा.

आता या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. शिमानोच्या त्या काळातल्या बहुतेक भागांवर दोन इंग्रजी अक्षरं बारीक कोरलेली असतात. डिरेलरच्या मागच्या अंगाला, क्रँकच्या (पायडल ज्याला जोडतात त्या दांड्याच्या) आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाठीवर, हबच्या पिंपावर ती शोधा. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे 1976, बी 1977, असं क्रमानं 2001 पर्यंत. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी ते एल डिसेंबर.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. फिक्या निळ्या रंगाची पोलादी सायकल, नाव अर्धं उडालेलं, मागचा ब्रेक खाली बसवलेला. मागच्या डिरेलरच्या पाठीवर 'एल एच'. एल हे बारावं अक्षर, म्हणजे 1987; एच आठवा महिना, ऑगस्ट. क्रँकवर 'एल जी', जुलै 1987. पुढच्या हबवर पुन्हा 'एल एच'. तीन भाग एकाच उन्हाळ्यातले, म्हणजे ते बहुधा मूळचे. भाग ऑगस्टमध्ये तयार झाले, जहाजानं किंवा ट्रकनं फ्रेमच्या कारखान्यात पोचले, सायकल जुळली, तर ती 1988 चं मॉडेल म्हणून विकली गेली असणार. कंपन्या पुढच्या वर्षाचा माल आदल्या शरद ऋतूपासूनच बनवतात. मग मागच्या हबवर नजर गेली: 'क्यू सी', मार्च 1992. पुढच्या रिमची कड ब्रेकनं खोल झिजलेली, मागच्या रिमची कमी. मागचं चाक कधीतरी बदललेलं आहे. आता फ्रेमच्या मागच्या फाळक्यांमधलं (चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं) अंतर मोजा. सुरुवातीच्या माउंटन बाइकना 126 मिलिमीटरच्या आसपास असायचं, मग 130 आणि पुढे 135 झालं. फाळके ओढून रुंद केल्याच्या खुणा दिसल्या तर चाक बदलणाऱ्यानं ते कसं बसवलं हेही कळतं. एवढ्या वाचनात त्या सायकलचा निम्मा इतिहास उलगडला: 1988 ला घेतली, चार वर्षं तरी दणकून वापरली, चाक मोडल्यावर टाकून न देता दुरुस्त केली.

सावध राहायची जागा एकच. कोड सांगतो तो भाग कधी बनला ते, सायकल कधी बनली ते नाही. एका भागावरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार भाग एकमेकांशी जुळले तरच साल लिहा.

स्टिकर

सीटच्या नळीवर विकणाऱ्या दुकानाचं छोटं स्टिकर असतं. बरेच लोक सर्वांत आधी तेच खरवडून काढतात, आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं. त्यावरचा फोन नंबर तारीख सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पूर्वी 415 हा एकच विभागीय क्रमांक होता. सप्टेंबर 1991 मध्ये बर्कली-ओकलंडची बाजू 510 मध्ये गेली, ऑगस्ट 1997 मध्ये पालो आल्टोची बाजू 650 मध्ये. बर्कलीच्या दुकानाचा नंबर 415 नं सुरू होत असेल तर ते स्टिकर 1991 च्या आधी छापलेलं. विद्यापीठाच्या आवारातल्या सायकल परवान्याचं स्टिकर मिळालं तर त्यावर बहुधा वर्षच छापलेलं असतं. दुकानाचं नाव घेऊन स्थानिक वाचनालयात जा. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत जुन्या फोन डिरेक्टऱ्या आणि गावच्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म असतात, आणि तिथल्या ग्रंथपालांना असा प्रश्न विचारलेला मनापासून आवडतो.

कॅटलॉग, पेटंट, माणसं

साल ठरलं की त्या वर्षाचा कंपनीचा कॅटलॉग शोधा. खूपसे स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेले आहेत. कॅटलॉगमधली भागांची यादी आणि तुमची वही शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहा. मात्र कॅटलॉग हंगामाच्या आधी छापला जातो आणि वर्षाच्या मध्ये एखादा भाग मिळेनासा झाला की कारखाना दुसरा लावतो. त्यामुळे कॅटलॉगशी न जुळणारा प्रत्येक भाग नंतर बदललेलाच असतो असं नाही. इथे पुन्हा दोन अक्षरांचा कोड कामी येतो.

भागांवर पेटंटचा क्रमांक असेल तर तोही टिपा. अमेरिकी पेटंट फुकट वाचता येतात, त्यात आकृत्या असतात आणि शोधणाऱ्यानं कोणती अडचण सोडवायची ठरवलं होतं ते त्याच्याच शब्दांत असतं. कागदी स्रोतांत 'फॅट टायर फ्लायर' हे 1980 ते 1987 दरम्यान निघालेलं छोटं मासिक सोन्याच्या मोलाचं, कारण ते हे सगळं घडत असताना, घडवणाऱ्यांनीच काढलं होतं. आणि फेअरफॅक्सचं मरिन म्युझियम ऑफ बायसिकलिंग पाहाच. माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही त्याच इमारतीत आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, मराठी मंडळी पुष्कळ. पाहुणे आले की सगळे गोल्डन गेट दाखवायला नेतात. तिथून आणखी अर्धा तास पुढे जा.

माणसांच्या आठवणी मौल्यवान असतात, पण त्या वस्तूशी ताडून घ्या. वहीत तीन रकाने करा: स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज. ऐकलेल्यापुढे कुणाकडून आणि कधी ते लिहा. महिन्यांनी पुरावा मिळाला की ओळ एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. पण पुराव्याशिवाय ती हलवू नका.

मग साफसफाई

आता फडकं घ्या. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. जोराचा पाण्याचा फवारा नको, तो बेअरिंगमध्ये शिरतो. पॉलिश आधी सीटच्या नळीखाली, न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. अक्षरांच्या पट्ट्यांवर तर लावूच नका, कारण त्या काळच्या काही पट्ट्या वरून लाखेविना चिकटवलेल्या असतात आणि हातात येतात. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतो. जास्त गंज असलेल्या पोलादी भागांना ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण चालतं, पण हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, आणि ॲल्युमिनियमचे रंगीत भाग त्यात टाकू नका. छर्रे आणि कप घासलेटात धुऊन नवीन ग्रीस भरा.

खोलताना दोन उलटे आटे लक्षात ठेवा: डावं पायडल, आणि बहुतेक सायकलींत क्रँकच्या आतला उजवा कप. फ्रीव्हीलचा पाना नेमक्या खाचांचा असल्याशिवाय जोर लावू नका. खाचा गेल्या की चाक तोडल्याशिवाय फ्रीव्हील निघत नाही. जाम खांबावर शिरणारं तेल सोडा, काही दिवस थांबा, पुन्हा सोडा. कॉस्टिक सोड्यानं खांब विरघळवण्याचे सल्ले मिळतील. ते घरी करू नका. सोडा डोळे आणि कातडी जाळतो, आणि फ्रेमच ॲल्युमिनियमची असेल तर फ्रेमही खातो.

रंग पुन्हा मारू नका. फारच वाईट अवस्थेतली फ्रेमही मूळ रंगात जास्त बोलते. काढलेला प्रत्येक भाग, अगदी कुजलेली ग्रिपसुद्धा, नाव-तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. दाबल्या जाणाऱ्या जुन्या चिमट्यांमधले रबरी गोळे आता बहुतेक चिकट लगदा किंवा दगड झालेले असतात, त्यामुळे असा चिमटा पाहण्यापुरताच समजा. सायकल चालवणार असाल तर ॲल्युमिनियमचं जुनं हँडल आणि दांडा काढून ठेवा आणि नवीन लावा. थकलेला धातू सूचना न देता तुटतो.

मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी सीटचा खांब काढून नळ्यांमध्ये उकळलेलं जवसाचं तेल फिरवा, जादा निथळू द्या, तेलाची फडकी पाण्यात भिजवून टाका, कारण ती आपोआप पेटू शकतात. टायर जमिनीला टेकू देऊ नका, उन्हातही नको.

रेंजर

महाराष्ट्रात ज्यांचं शालेय शिक्षण 1990 च्या दशकात झालं त्यांना जाड टायरची, सरळ हँडलची सायकल 'रेंजर' म्हणूनच माहीत आहे, कंपनी कुठलीही असो. बहुतेकींना गिअर नव्हते, पोलाद जड होतं, पण आकार थेट कॅलिफोर्नियाच्या त्या डोंगरावरून आलेला. लुधियानाची हीरो, चेन्नईची हर्क्युलस आणि बीएसए, सोनीपतची ॲटलस यांनी अशा सायकली गावोगावी पोचवल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे जुन्या सायकली किती आस्थेनं जपता येतात ते दिसतं. पण साध्या रेंजर आजही किलोच्या भावानं भंगारात जातात.

या सायकलींना शिमानोचे कोड नाहीत आणि स्कॅन केलेले कॅटलॉग जवळजवळ मिळत नाहीत. म्हणून सुरुवात अशी करा. गावातल्या सर्वांत जुन्या सायकल दुकानात जा आणि बिलबुकं, कंपनीच्या दरपत्रकांचे गठ्ठे, भिंतीवरची कॅलेंडरं आहेत का विचारा. जिल्हा वाचनालयात मे-जूनमधली जुनी वर्तमानपत्रं चाळा, शाळा सुरू होतानाच्या जाहिरातींत मॉडेलची नावं आणि किमती सापडतात. सायकल मिळाली तर समोरचा बिल्ला, साखळीच्या झाकणावरचं नाव, फ्रेमवरचा नंबर आणि सीटखालचा शिक्का यांचे फोटो घ्या. मालकाला विचारा, ती कितवीत असताना घेतली होती.